क्रेगीव्हार गढी की घर? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशरच्या क्रेगीव्हार या जुन्या वास्तूला मी जमीनदाराचे घर म्हटले होते. त्या लेखाखाली आपण लिहिले आहे, "हा किल्ला आहे, त्याला जमीनदाराचे घर म्हणणे चूक. रविवारची सहल करून आलेल्यांनी वास्तुकलेवर मते देऊ नयेत." शिवाय बाहेरच्या भिंतींच्या गिलाव्यावरचा खर्च, ही वास्तू पूर्ण करणाऱ्या फोर्ब्स घराण्याची वंशावळ आणि अपुरी छायाचित्रे यांविषयीही आपली तक्रार आहे.

मतभेदाला माझी हरकत नाही, पण ज्याला आपण ओळखत नाही त्याला हिणवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मी ॲबर्डीनमध्ये कित्येक वर्षे राहतो आहे. माझे वडील गवंडी होते आणि घाण्यातला चुना चिमटीत धरून तो नीट मळला गेला आहे की नाही, हे ओळखायला त्यांनी मला शाळकरी वयातच शिकवले. जुनी भिंत कशी पाहावी, याचे धडे मला आपल्याकडून नकोत.

प्रवेशाशी लोखंडी जाळीचे दार आहे हे आपले म्हणणे खरे, आणि त्याचा उल्लेख लेखात शोभला असता. पण तेवढ्यावरून वास्तू गढी ठरत नाही. विल्यम फोर्ब्स हा बाल्टिक समुद्राकडच्या व्यापारात श्रीमंत झालेला माणूस. लोक त्याला 'डॅनझिग विली' म्हणत; डॅनझिग हे बाल्टिक किनाऱ्यावरचे बंदर, आजचे ग्दान्स्क. १६१० मध्ये त्याने मॉर्टिमर घराण्याकडून ही अर्धवट वास्तू विकत घेतली आणि १६२६ मध्ये ती पूर्ण केली. खालच्या भिंती साध्या आणि खिडक्या मोजक्याच, हे मान्य; मात्र मान वर करून पाहावे, तर माथ्याशी भिंतीबाहेर तोललेले गोल बुरूज, त्यांवरील शंकूसारखी छपरे आणि कठड्याची गच्ची असा सारा थाट दिसतो. आतल्या दिवाणखान्याच्या छतावर लोंबत्या नक्षीचे गिलाव्याचे काम आहे, तर शेकोटीवर राजचिन्ह कोरल्यासारखे उठावात घडवले आहे. एवढा खर्च त्याने पाहुण्यांच्या नजरेत भरावा म्हणून केला आहे. तटबंदीचा जुना घाट त्याने ठेवला तो खानदानी दिसण्यासाठी, असे माझे ठाम मत आहे आणि आपल्या प्रतिक्रियेत ते खोडून काढणारे काहीही नाही.

बाहेरच्या गिलाव्याचे म्हणाल, तर सिमेंटच्या लेपाखाली जुन्या दगडी भिंतींत ओल कोंडते, म्हणून ही वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने तो काढून चुन्याचा गिलावा केला. यात उधळपट्टी कुठे आहे?

वंशावळ हा माझ्या लेखाचा विषयच नव्हता, आणि छायाचित्रे मी मला हवी तेवढीच देतो.