एका पायावर दहा सेकंद उभे राहता आले, म्हणजे पडण्याची भीती संपली?

‘साठीच्या पुढच्या प्रत्येकाने एका पायावर दहा सेकंद उभे राहून पाहावे. जमले तर पडण्याची भीती नाही, डॉक्टरकडे जायची गरज नाही. नाही जमले तर वर्षभरात पडणार, तेव्हा चालणे-फिरणे कमी करा. संशोधनाने सिद्ध.’

हा मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतो आहे. मी ज्येष्ठांना त्यांच्या घरी जाऊन तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकवते. ‘आईला जमलं, आता काळजी नाही’ असे हल्ली वरचेवर कानावर येते आणि मला धास्ती वाटते.

आधी ‘संशोधनाने सिद्ध’ पाहू. दहा सेकंदांचा आकडा गाजला तो 2022 मधल्या ब्राझीलच्या एका अभ्यासामुळे. 51 ते 75 वयाचे 1,702 जण त्यात होते. ज्यांना उभे राहता आले नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. पडणे हा त्या अभ्यासाचा विषयच नव्हता. पडण्याशी संबंध जोडणारा अभ्यास 1997 चा, आणि त्यात पाच सेकंदांची अट होती. तेवढेही न जमणाऱ्यांना पडून इजा होण्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला. पण एकट्या कोणत्याही गोष्टीवर विसंबून पडण्याचे भाकीत करता येत नाही, हेही त्याच संशोधकांनी बजावले होते. ते मेसेजमध्ये आलेच नाही.

‘जमले तर भीती नाही’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. एका पायावर उभे राहण्यापेक्षा जास्त वापरली जाणारी एक चाचणी आहे: खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांवरचे तिचे अभ्यास 2014 मध्ये एकत्र तपासले गेले. साडेतेरा सेकंद किंवा जास्त वेळ लागला तर धोका, अशी मर्यादा धरली, तर पुढे पडलेल्या 100 जणांपैकी जेमतेम 31 जणांना चाचणीने आधी हेरले होते. बाकीचे ‘पास’ होऊन पडले.

यात नवल नाही. चाचणी होते दिवसाउजेडी, पूर्ण लक्ष देऊन. पडणे होते पहाटे तीनला. झोपेची गोळी अंगात असते, झटकन उठल्यावर रक्तदाब उतरतो, चष्मा उशाशी राहतो, फरशी ओली असते. 1988 च्या एका अभ्यासात संशोधक मेरी टिनेटी यांनी घरी राहणाऱ्या, 75 किंवा त्याहून जास्त वयाच्या 336 जणांवर वर्षभर लक्ष ठेवले. धोक्याचे एकही कारण नसलेल्यांत पडण्याचे प्रमाण 8 टक्के होते. चार किंवा त्याहून जास्त कारणे असलेल्यांत ते 78 टक्क्यांवर गेले. तोल हे त्यातले फक्त एक कारण.

‘नाही जमले तर पडणारच’ हेही खरे नाही. गुडघा दुखत असला तरी एका पायावर उभे राहता येत नाही. आणि ही चाचणी एकट्याने, आधाराला काही नसताना करूच नका; ती करतानाच पडायला होईल.

‘चालणे-फिरणे कमी करा’ हा सल्ला तर उलटा आहे. बसून राहिले की मांड्यांतली ताकद जाते, मग पाय आणखी लटपटतात, मग भीती आणखी वाढते. 2019 मध्ये व्यायामाचा परिणाम पाहणाऱ्या 108 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात 23,000 हून अधिक लोक होते. व्यायामाने पडण्याचे प्रमाण 23 टक्क्यांनी घटलेले दिसले. ज्याला तोल सांभाळणे जमत नाही, त्यालाच व्यायामाची अधिक गरज आहे, अर्थात कुणाच्या देखरेखीखाली.

राहिला डॉक्टरचा मुद्दा. 2022 च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत सुरुवातीला तीन साधे प्रश्न सुचवले आहेत: गेल्या वर्षभरात पडलात का? उभे राहताना, चालताना डळमळल्यासारखे वाटते का? पडण्याची भीती वाटते का? पडून इजा झाली असेल, वर्षात दोनदा पडणे झाले असेल, पडल्यावर आपले आपण उठता आले नसेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर दहा सेकंद काय, मिनिटभर उभे राहता आले तरी डॉक्टरकडे जायलाच हवे. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्या.

मात्र ‘पडलात का?’ असे सरळ विचारले की बहुतेक जण ‘छे, जरा पाय सरकला’ एवढेच सांगतात. म्हणून मी विचारते, ‘घसरून, अडखळून, कशानेही, वर्षभरात जमिनीवर आलात का?’ मग थोडे थांबून, सुनेकडे किंवा मुलाकडे न बघता, बाथरूमच्या दारातली ती हकिगत हळूच सांगितली जाते.