‘नुसता रातांधळेपणा आहे, व्हिटॅमिन ए द्या’ असं सांगणाऱ्या फॉरवर्डबद्दल

अशर सिंड्रोम म्हणजे बहिरेपणा आणि हळूहळू जाणारी नजर एकत्र येणारा, जनुकातल्या दोषामुळे होणारा आजार. त्याबद्दलचा एक मजकूर सध्या फिरतोय. ‘घराण्यात कुणाला नसेल तर हा आजार आनुवंशिक नाही. तो नुसता रातांधळेपणा आहे. रोज 50,000 युनिट व्हिटॅमिन ए द्या. कानाचं इम्प्लांट करू नका. मोबाइल वाचणारा माणूस खुर्चीला धडकतो म्हणजे नाटक करतो.’ अशर असलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या आईने हे वाचून गोळ्या आणल्यासुद्धा. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी गोळ्या, कारण जीवाशी खेळ तिथे आहे. व्हिटॅमिन एच्या कमतरतेने येणारा रातांधळेपणा त्याच व्हिटॅमिनने बरा होतो, हे खरं. अशरमध्ये मात्र कमतरता नसते. तिथे जनुकातल्या दोषामुळे दृष्टिपटलातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशीच हळूहळू मरतात. मेलेल्या पेशी गोळ्यांनी परत येत नाहीत.

हा 50,000 चा आकडा कुठून आला देव जाणे. ज्या अभ्यासाचा आधार नेहमी दिला जातो तो 1993 चा, अमेरिकेतला. त्यात रेटिनायटिस पिगमेंटोसाचे (दृष्टिपटलाच्या पेशी मरत जाण्याचा आजार, अशरमध्ये डोळ्याला होतो तोच) 601 रुग्ण होते, सगळे 18 ते 49 वयाचे. मूल एकही नव्हतं. डोस होता रोज 15,000 युनिट. ईआरजी या तपासणीतली (प्रकाशाला दृष्टिपटल किती विद्युत प्रतिसाद देतं ते मोजणारी) घसरण थोडी मंदावलेली दिसली, पण दृष्टिक्षेत्रात ठोस फरक पडला नाही. पुढे 2020 च्या कोक्रेन आढाव्यातही (सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) फायद्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. जास्तीचं व्हिटॅमिन ए लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठतं. यकृत बिघडतं, डोक्यातला दाब वाढून डोकेदुखी आणि उलट्या होतात, गरोदरपणात गर्भात व्यंग येऊ शकतं. गाजरं खुशाल खा. गोळ्या बंद करा आणि किती दिवस दिल्या ते डॉक्टरांना सांगा.

घराण्यात नाही म्हणजे आनुवंशिक नाही? हा दोष अप्रभावी (रिसेसिव्ह) असतो. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन सदोष प्रती आल्या तरच आजार होतो. एकेक प्रत असलेले आईवडील पूर्ण निरोगी असतात आणि त्यांच्या प्रत्येक अपत्याला धोका 25 टक्के. पिढ्यान्‌पिढ्या कुणालाच नसणं हेच इथे नेहमीचं.

‘नाटक’ हा शब्द फार जिव्हारी लागतो, तेव्हा त्याचं गणित मांडते. दृष्टी कडेकडून आत आकसते, मधली बरीच वर्षं टिकते. समजा 10 अंशांचं क्षेत्र उरलंय. मोबाइल 30 सेंटिमीटरवर धरला तर साधारण 5 सेंटिमीटर रुंदीचा भाग दिसतो, चार शब्द आरामात वाचता येतात. त्याच वेळी गुडघ्याजवळची खुर्ची त्या नजरेत नसतेच. एक मीटरवर उभ्या माणसाचा फक्त चेहरा मावतो, म्हणजे 17 सेंटिमीटर. दोन मीटरवर 35. म्हणून खुणांच्या भाषेत बोलताना त्यांच्यापासून दोन मीटरवर उभे राहा, हात छातीजवळ लहान घेऱ्यात ठेवा, गोऱ्या हातांमागे गडद आणि सावळ्या हातांमागे फिकट रंगाचा साधा सदरा असू द्या. उजेड तुमच्या तोंडावर हवा, पाठीमागे नको. उजेडातून अंधारात गेल्यावर त्यांची नजर बसेपर्यंत थांबा. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद ठेवा. अर्धवट उघड्या दाराची कड सरळ कपाळावर बसते. आणि पांढरी काठी फक्त पूर्ण अंधांची नाही. अनेक देशांत तिच्यावर लाल पट्टे असतील तर ऐकूही येत नाही असा अर्थ होतो.

‘डोळ्यांचं काहीच होऊ शकत नाही’ असंही मी म्हणणार नाही. मोतिबिंदू झाला तर शस्त्रक्रिया होते, दृष्टिपटलाच्या मध्यभागी आलेल्या सुजेवर औषधं आहेत. त्यासाठी नियमित तपासणी हवी.

उरलं इम्प्लांट, म्हणजे बहिऱ्या मुलाला ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेने कानात बसवायचं उपकरण. अशरचे काही प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात मूल जन्मतःच जवळजवळ पूर्ण बहिरं असतं, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही काम करत नाही, म्हणून चालायला दीड वर्षाच्या पुढे जातं. अशा मुलाची नजर पुढे आकसणार आहे हे माहीत असताना ऐकण्याचा मार्ग बंद ठेवायचा? मेंदू ध्वनी शिकतो तो पहिल्या काही वर्षांत, नंतर केलेल्या इम्प्लांटचा उपयोग झपाट्याने घटतो. खुणांची भाषाही शिकवाच; नजर गेल्यावर तीच हातावर हात ठेवून वाचता येते. बहिरं मूल उशिरा चालायला लागलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांकडे ईआरजी आणि जनुक तपासणीबद्दल विचारा. डोळ्याचा पडदा वरून ठीक दिसत असतानाही ईआरजीत दोष सापडतो.