मालकाचे उत्तर: अलार्मबद्दल

नमस्कार भाऊ,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. मशीन बंद पडून बाबांना मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागलं, त्याबद्दल हात जोडून माफी मागतो. ऑक्सिजनची मशीन चार महिन्यांत बंद पडायला नकोच होती. कॉम्प्रेसरचा, म्हणजे आतल्या हवेच्या पंपाचा, कपॅसिटर (त्याची मोटर चालू करणारा छोटा पार्ट) फुगला होता. तो पार्ट आम्ही बाहेरून घेतो, पण मशीनवर नाव आमचं आहे, म्हणून दोषही आमचाच. बदलून दिला, पैसे घेतले नाहीत.

पण तुम्ही लिहिलं, "अलार्मसुद्धा वाजला नाही, तालुक्याच्या ठिकाणी बनवलेल्या मशीनवर भरवसा ठेवू नका." हे फार लागलं, भाऊ.

कपॅसिटर गेला की कॉम्प्रेसर जाम होतो, करंट जास्त ओढतो आणि मशीनचा ब्रेकर पडतो. मग आतली सगळी लाइन बंद. अशा वेळी बजर वाजतो तो फक्त ९ व्होल्टच्या बॅटरीवर. आमचा टेक्निशियन मुलगा आला तेव्हा बॅटरीची जागा रिकामी होती. वहिनींनीच सांगितलं, लोडशेडिंग झालं की मशीन कोकलते, लहान पोरगी दचकून उठते, म्हणून काढून फ्रिजवरच्या डब्यात ठेवली. घरातली गोष्ट अशी चारचौघांत लिहायला बरं वाटत नाही. वहिनींवर रागही नाही, आमच्याकडेही लाइन रात्रीतून तीनदा जाते. पण अलार्म वाजला नाही तो आम्ही खराब बनवला म्हणून नाही. मशीन बसवली त्या दिवशी मी स्वतः प्लग ओढून तो वाजवून दाखवला होता, बाबांनी कानावर हात ठेवले होते. आठवत असेल.

तुमच्या मशीनच्या नंबरचं पान आज पुन्हा उघडून पाहिलं. प्रत्येक मशीन आम्ही ७२ तास सलग, मिनिटाला ५ लिटरवर चालवतो, तेही भर उन्हाळ्यात टिनाच्या शेडमध्ये. मशीनमधून येणारा ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली आला तर ती मशीन बाहेर जात नाही. तुमची शेवटपर्यंत ९४ च्या आसपास होती. बजरच्या रकान्यात तपासणाऱ्या मुलीची सही आहे. ती शेजारच्या गावाहून सायकलने येते. तुमचा रिव्ह्यू तिनेच मला दाखवला.

टेक्निशियन तिसऱ्या दिवशी आला, हे खरं आहे. एकच मुलगा आहे, तो गडचिरोलीकडे गेला होता. आणखी एक माणूस ठेवायचं बघतो आहे. कपॅसिटर दुसरा घेऊ, बॅटरीचं झाकण स्क्रूचं करायचंही मनात आहे. लाइनचा भरवसा नाही, म्हणून भरलेला सिलिंडर जवळ ठेवा हे मशीनसोबतच्या कार्डावर होतं, आता मोठ्या अक्षरात छापू.

एक स्टार राहू द्या. फक्त अलार्मची ओळ जमलं तर दुरुस्त करा, आमच्या अकरा माणसांची चूल यावर आहे. आणि आज बाबा जेवायला उठले की चालू मशीनचा प्लग काढून बजर वाजतो का तेवढं बघा. नाही वाजला तर कार्डावरच्या नंबरवर रात्रीही फोन करा, मी स्वतः येतो.