तिच्या खोलीला जिनाच नाही

आज सकाळी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बाबांनी लिहिलं, "हॉस्पिटलचं बिल भरलं, वर रोख २५ हजार दिले. आता आणखी काय पाहिजे त्या बाईला?" ती बाई म्हणजे बांधकामावर परांचीवरून पडलेली बिगारी. खाली अकरा अंगठे. त्यातले चार जण इथे माझ्या यादीत आहेत, म्हणून हे इथे लिहितेय. ग्रुपवर लिहिलं असतं तर 'राजकारण नको' म्हणत ॲडमिनने पुसलं असतं.

अंगठ्यांचंच म्हणाल तर त्या २५ हजारांच्या पावतीवरही अंगठाच आहे. मजकूर इंग्रजीत टाईप केलेला, 'यापुढे माझी कोणतीही मागणी राहिलेली नाही' अशा अर्थाचा. जिने तो उठवला तिला कन्नड बोलता येतं, कोंकणी कामापुरती येते, वाचता काहीच येत नाही.

काय झालं ते ग्रुपवर कुणी विचारलंच नाही, तर सांगते. मे २०२५. मिरगाचा पाऊस तोंडावर, गणेश चवथीला गृहप्रवेश ठरलेला, बाहेरचं प्लास्टर उरकायची घाई. ही बाई परांचीवर, म्हणजे पाइप आणि फळ्यांच्या मचाणावर, गवंड्याला माल पोचवत होती. परांचीची फळी आडव्या पाइपाच्या बाहेर किती जाऊ द्यायची याचा जुना साधा नियम आहे: जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त नाही. दीड इंची फळी असेल तर सहा इंच, आणि दोन्ही टोकं बांधलेली. इथे फळी हातभर लोंबत होती आणि तारेचा एक वेढासुद्धा नव्हता. डोक्यावर भरलेलं घमेलं, पाय टोकावर पडला, मागचं टोक वर उठलं. पोरांच्या बागेतल्या सी-सॉसारखं. अकरा-बारा फुटांवरून ती उभीच्या उभी खाली आली, चिऱ्यांच्या तुकड्यांवर. उजव्या टाचेचं हाड फुटलं. उंचावरून पायांवर पडणाऱ्या माणसाचं बहुतेक हेच हाड जातं.

मुकादमाने तिला पिकअपमध्ये घालून नेलं. केस पेपर करताना विचारलं, कशी पडली? ती विव्हळत होती. मुकादम म्हणाला, "घरी जिन्यावरून पडली." डॉक्टरांनी लिहिलं, 'फॉल ॲट होम'.

पत्र्याच्या खोलीत राहते ती. त्या खोलीला जिनाच नाही.

नुकसानभरपाईच्या दाव्यात सगळ्यात जड कागद कुठला असतो माहीत आहे? वकिलाची नोटीस नव्हे, पहिल्या तासात लिहिलेली ती एक ओळ. काम करताना आणि कामामुळे इजा झाली एवढंच सिद्ध करायचं असतं. मालकाची चूक होती का, हा प्रश्नच या कायद्यात नाही. हे कळलं म्हणूनच मुकादम चुकीची ओळ लिहवून घेतात. तिथे 'साईटवर परांचीवरून पडली' असं असतं तर हॉस्पिटलने मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांत जाणारी, नोंद केली असती, पोलिसांना कळवलं असतं, पंचनामा झाला असता, लोंबती फळी कागदावर आली असती. एका वाक्याने हे सगळं गेलं. संध्याकाळपर्यंत फळी काढून स्लॅबच्या सेंट्रिंगला वापरलीसुद्धा.

आता त्या २५ हजारांचं. अपघात मे २०२५ चा, म्हणजे तिला १९२३ चाच कर्मचारी भरपाई कायदा लागू. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण हिशेबाची रीत तीच ठेवली आहे.) त्या कायद्याचं कलम ८ वाचा. बाईला एकरकमी भरपाई मालकाने परस्पर हातात द्यायचीच नाही, भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे जमा करायची. हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. कलम १७ म्हणतं, हक्क सोडल्याचा करार रद्दबातल. म्हणजे तुमच्या त्या निळ्या अंगठ्याची किंमत शून्य, बाब. मुदत अपघातापासून दोन वर्षं. ती अजून संपलेली नाही.

आणि हिशेब कसा होतो? समजा वय ३५, मजुरी रोज ४५०, महिन्याचे २६ दिवस धरून ११,७००. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मजुरीच्या ६० टक्के, म्हणजे ७,०२०, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला ३५ व्या वर्षाचा गुणक १९७.०६. झाले १३ लाख ८३ हजार. कमावण्याची क्षमता ३० टक्के गेली असं ठरलं तर त्याचे ३० टक्के, ४ लाख १५ हजार. तिच्या शेजारी उभा असलेला गवंडी त्याच वयाचा, तोच पडला असता तर? त्याची मजुरी महिना १५ हजारांच्या वर जाते. कायदा १५ हजारांपुढचं मोजत नाही, तरी त्याला ५ लाख ३२ हजार. तेच हाड, तीच फळी. १ लाख १७ हजारांचा फरक.

खरं तर मला याच्यावरच बोलायचं होतं, त्या बाबांवर नव्हे. भरपाई हाडाची मिळत नाही, मजुरीची मिळते. आणि मजुरी कुणाला काय शिकवलं यावरून ठरते.

ती बाई बारा वर्षं माल कालवतेय. आतल्या १२ मिलिमीटर प्लास्टरला सहा घमेली वाळूला एक घमेलं सिमेंट, छताला चारास एक, बाहेरचं दोन थरांत २० मिलिमीटर, हे तिच्या हातात आहे. वाळू ओली असली की पाणी किती कमी घालायचं ते तिला फावड्याच्या आवाजावरून कळतं. गवंडी तो माल थापीने मारतो, पट्टी फिरवतो, ओळंबा धरतो आणि तिच्या दुप्पट घेतो. थापी तिच्या हातात कुणी दिलीच नाही. बारा वर्षं 'बिगारी'. हजेरीवहीतही बिगारी. आयुक्तांपुढे ती वही आली तर तिथेही बिगारीच.

वही आली तर. कारण बहुतेक ठिकाणी तिचं नावही नसतं. नवरा-बायकोला 'जोडी' म्हणून कामावर घेतात, शनिवारचे पैसे जोडीचे म्हणून नवऱ्याच्या फोनवर जातात. हिची मजुरी किती, हे दाखवायला जगात एक कागद नाही. तिने आपले पैसे वेगळे मागितले असते तर मुकादमाने तिला कामावरून काढलं असतं. पण साईटवर सुपरवायझर असलेल्या मंडळींनो, तुम्हाला कोण काढणार? दोघांचे पैसे दोन वेगवेगळ्या नोंदींत टाका. तोच पुरावा. काही खर्च नाही.

बरं, मान्य, छोट्या ठेकेदाराकडेही पैसे नसतात. तोही कर्जावरच चालतो. पण त्यासाठीच मजुरीच्या एकूण रकमेवर हप्ता ठरणारी विमा पॉलिसी मिळते. त्याने ती घेतली नसली तरी बिल्डर 'तो ठेकेदाराचा माणूस' म्हणून सुटत नाही. कलम १२ मध्ये मजूर थेट बिल्डरकडे मागू शकतो, मग बिल्डरने ठेकेदाराकडून वसूल करावं. रक्कम महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि समर्थनीय कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

आणि "बेल्ट का नाही घातला?" हेही ग्रुपवर आलंच. सेफ्टी बेल्ट होता. साईट ऑफिसात खिळ्याला. घातला असता तर अडकवायचा कुठे? ज्या पाइपावर फळी टेकलीय त्याच पाइपाला अडकवला तर पाइपासकट खाली. कॉलमला बांधलेला वेगळा दोर लागतो, तो नव्हता. मुद्दाम आदेश मोडला असं मालकाने सिद्ध केलं तरच ती सबब चालते, आणि तो आदेश कुठल्या भाषेत दिला होता हे कुणीतरी विचारणारच. गेटवरचा फलक इंग्रजीत होता. सेफ्टी फर्स्ट.

आमच्या शिक्षणाचं काय सांगू. सिव्हिल डिप्लोमाच्या पोराला झोपेतून उठवून विचारा, एम-२० काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन. आणि अपघात झाला तर पहिल्या तासात काय करायचं? तोंडी परीक्षेत कुणी विचारत नाही. काम थांबवा, परांचीला हात लावू नका. टेप धरून चारही बाजूंनी फोटो काढा, लोंबतं टोक किती ते टेपवर दिसलं पाहिजे. जवळच्या तिघांची नावं आणि फोन नंबर लिहून घ्या, कारण आठवड्यात ते विजापूर नाहीतर ओडिशाला गेलेले असतात. हजेरीवहीच्या त्या पानाचा फोटो घ्या. १०८ ला फोन करा, त्यांच्याकडे ठिकाण नोंदलं जातं, पिकअपच्या फेरीची नोंद कुठेच राहत नाही. जखमी माणसासोबत त्याची भाषा येणारा एक जण पाठवा आणि केस पेपरवर काय लिहिलं ते तिथेच वाचून घ्या. या सगळ्याला एक तास लागतो. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला यापेक्षा जास्त वेळ जातो.

वर्गात मुली आहेत आता, छान आहे. पण साईट ट्रेनिंगला त्यांना ऑफिसात एस्टिमेट काढायला बसवतात, कारण साईटवर संडास नाही. कायद्याने बायकांसाठी वेगळा संडास हवा. इंजिनिअर मुलगी ऑफिसात अडकते आणि बिगारी बाई झाडामागे जाते, दोघींचं कारण एकच. आयटीआयच्या गवंडी ट्रेडला आठवी पास लागते. वर्ग दिवसा, म्हणजे रोजची मजुरी बुडाली. पोर कुठे ठेवणार? येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन दाखला द्यायची सोय आहे, पण परीक्षेत थापी मारून दाखवायची असते. थापी दिलीय कुणी?

आवाज चढलाय माझा, कळतंय. दोन दिवसांपूर्वी ती भेटली. खोलीच्या दारात बसून डाव्या पायाने चटई सरळ करत होती. उजवी टाच पुरती टेकवत नाही. म्हणाली, सपाटीवर चालतं, चढता येत नाही. मला ते 'चढता येत नाही' महत्त्वाचं वाटलं. डॉक्टर दाखल्यावर पायाचं अपंगत्व टक्क्यांत लिहितात, १५ किंवा २०. कायदा विचारतो, कमावण्याची ताकद किती गेली? दोन वेगळे आकडे आहेत. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एका सुताराचं प्रकरण होतं, डावा हात कोपराच्या वर गेलेला. कोर्ट म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यासाठी ते पूर्ण अपंगत्व. परांचीवर चढू न शकणाऱ्या बिगारी बाईच्या दाखल्यावर डॉक्टरांनी ती काय काम करत होती हे लिहायला हवं. दाखला काढताना ते आपण सांगायला हवं, मुकादमाने नव्हे.

'फॉल ॲट होम' पुसता येत नाही. पुसायचंही नाही, खाडाखोड केली तर उलट अंगाशी येतं. त्याच्या बाजूला दुसरे कागद उभे करायचे. केस पेपरवरची वेळ, कामाच्या दिवशी सकाळी अकराची. नर्सच्या नोंदीत कपड्यांवर सिमेंट लिहिलं असेल तर ते. भरती रुग्णाचे कागद हॉस्पिटलने तीन वर्षं ठेवायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. खोलीच्या मालकाचं निवेदन, की त्या खोलीला जिना नाही. नवऱ्याच्या फोनवरच्या शनिवारच्या नोंदी. त्या २५ हजारांची पावतीसुद्धा, कारण जी बाई घरी पडली तिला ठेकेदार पैसे का देईल? ही मला कालच सुचली. म्हणजे ज्या पावतीवर तुम्ही अकरा अंगठे दिलेत, तीच तिच्या बाजूने.

एक गोष्ट राहतेय. त्या दिवशी कुणीतरी लोंबत्या फळीचा फोटो काढला होता. माझ्याकडे आला तो सात ठिकाणी फॉरवर्ड होऊन, धुरकट, तारीख-वेळ काही नसलेला. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की आतली ती माहिती गळून जाते. मूळ फाईल ज्याच्या फोनमध्ये आहे त्याने ती डिलीट करू नये, फोन विकू नये, एडिट करू नये. ती फाईल पुरावा म्हणून देताना सोबतच्या दाखल्यावर त्याची सही लागेल. नाव इथे कमेंटमध्ये लिहू नका. मला मेसेज करा, रात्री कितीही वाजता.