टीसी, टाकी आणि गोंद

घरात रेल्वेचं मॉडेल मांडणाऱ्या माणसाला पाहुणे हमखास विचारतात, "गाडी किती जोरात पळते हो?" अहो, गाडी पळतेच. बाकीचं जागेवर राहत नाही, ही खरी पंचाईत.

आमच्या जेवणाच्या टेबलाशेजारी बोरघाट आहे, १:८७ मापाचा. या मापात चांगला धट्टाकट्टा प्रवासीही जेमतेम दोन सेंटिमीटर भरतो. त्याला रंगवलेल्या फलाटावर उभं करायचं, की गोंद निवडणं आलं.

प्लास्टिक जोडायचं खास द्रावण प्लास्टिकच विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. मध्ये रंग आला की ते रंगाशीच खेळत बसतं. झटपट गोंद घ्यावा, तर त्याची वाफ आसपास बसून पांढरी पुटं धरतात, पावसाळ्यात जरा जास्तच. काळ्या कोटातला आमचा टीसी सकाळी पाहिला तर विभूती फासलेल्या बैराग्यासारखा! रबरी गोंदाने थर्माकोलच्या डोंगराला खड्डे पडतात. फेविकॉल गुणी. पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब घालून सोडला, की रुळांमधली खडी मुकाट बसते. पण त्याला वाळायला हवा लागते. रंगवलेल्या दोन प्लास्टिकांमध्ये कोंडला, तर दुसऱ्या दिवशीही आत दूधच.

राहिलं दोन ट्यूबांचं इपॉक्सी. ते घट्ट धरतं, पण रंगाला! आणि रंगाचं फलाटाशी फारसं पटलेलं नसतं. पाण्याची टाकी जरा धक्क्याने हलली, की टाकी, गोंद आणि खालचा रंगाचा पापुद्रा असं अख्खं कुटुंब हातात येतं.

खरा बोरघाट १८६३ साली सुरू झाला. सदतीसास एक चढ, बोगदे, दऱ्या, सगळं कबूल. पण त्या इंजिनिअरांना डोंगर फोडायचा होता, चिकटवायचा नव्हता.

जाणकार सांगतात, जोडायच्या जागेचा रंग ब्लेडने खरवडा, नाहीतर रंगवण्याआधीच तिथे चिकटपट्टी लावा. मी खरवडत असताना बायकोने विचारलं, "एवढं छान रंगवलेलं खरवडताय का?"

"हा भाग टाकीखाली जातो, दिसत नाही."

"दिसत नाही, तर रंगवला कशाला?"

नवा कोट चढवलेल्या टीसीच्या पायात मात्र बारीक तार घुसवली आणि फलाटाला भोक पाडून त्याला तिथेच रोवला. गोंद नावापुरता. आता पलीकडच्या फलाटावरचे प्रवासी बिनतिकीट हिंडले तरी चालतील.