आजारपणाचा दाखला

पुण्यात बाबा दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतात. इथे टेक्सासात, फ्रिस्कोला, मी दर सहा महिन्यांनी आजारपणाचा दाखला देतो. बाबांचं सोपं आहे. मोबाइलसमोर चेहरा धरला, डोळे मिचकावले, की माणूस जिवंत आहे हे सरकारला पटतं. मी आजारी आहे हे मात्र इथल्या विमा कंपन्यांना गेली ९ वर्षं पटता पटत नाहीये.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आजीच्या भाषेत आमवात. तो बरा होत नाही, नशीब असेल तर आटोक्यात राहतो. दर पंधरवड्याला अ‍ॅडालिमुमॅबचं पेन पोटात टोचायचं. ही पेनं फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यामागे लपवलेली असतात, पाहुण्यांच्या पोरांनी हात लावू नये म्हणून. विम्याशिवाय ती परवडणं शक्य नाही आणि 'प्रायर ऑथरायझेशन'शिवाय विमा हलत नाही. म्हणजे माझ्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं औषध मला खरंच लागतं का, हे मला जन्मात न पाहिलेल्या माणसाला विचारायचं.

यंदा जानेवारीत ऑफिसने विमा कंपनी बदलली. झालं, पुन्हा श्रीगणेशा! ४५ मिनिटं फोनवर पियानोचं तेच तुणतुणं. मधूनच एक बाई माझा कॉल किती मोलाचा आहे ते सांगून जायच्या. सकाळी माझी बोटं इतकी आखडलेली असतात की लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरत नाही. म्हणून फोन त्या बरणीलाच टेकवून ठेवला होता. अखेर माणूस आला.

"मेथोट्रेक्सेट घेऊन पाहिलंत का?"

"२ वर्षं घेतलं. लिव्हर कुरकुरायला लागलं."

"आमच्याकडे नोंद नाही."

कशी असणार? तेव्हा कंपनी वेगळी होती. याला 'स्टेप थेरपी' म्हणतात. आधी स्वस्त औषधात नापास व्हा, मग महागड्याच्या वर्गात प्रवेश. मी रीतसर नापास झालोय हो, पण शाळा बदलली, आणि नव्या शाळेला नापासाचं प्रगतिपुस्तक हवंय. तेही फॅक्सने. आमच्या सदाशिव पेठेतल्या झेरॉक्सवाल्याने फॅक्सची पाटी उतरवली त्याला जमाना झाला!

मंजुरी आली १८व्या दिवशी. तोवर एक इंजेक्शन हुकलं आणि शर्टाची बटणं बायको लावायला लागली. मंजुरीची मुदत, अर्थातच, ६ महिने.

"अरे, पण आपल्याकडे कायदा आहे," मंडळातला एक मित्र म्हणाला. खरंच आहे. टेक्सासचं २०२३ चं हाउस बिल ७५५. ऑटोइम्यून, म्हणजे माझ्या आमवातासारख्या, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते अशा आजाराच्या औषधाला वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा परवानगी मागायला लावायची नाही. मी ते छापलं, पिवळ्या पेनाने रंगवलं आणि फोनवर ठणकावून वाचलं. पलीकडचा शांतपणे म्हणाला, "सर, तुमचा प्लॅन सेल्फ-फंडेड आहे."

म्हणजे औषधाचे पैसे माझं ऑफिसच भरतं, विमा कंपनी नुसती कारकुनी करते. अशा प्लॅनवर केंद्राचा १९७४ चा एरिसा कायदा चालतो, राज्याचा हा नियम तिथे गैरलागू. हद्दीवर कुत्रा चावला की ग्रामपंचायत नगरपालिकेकडे बोट दाखवते, तसंच.

रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला.

"मिळाला का दाखला?"

"मिळाला. जुलैत परत द्यायचाय."

"माझा तर वर्षभर चालतो." मग चष्मा वर करत काळजीने म्हणाले, "जुलैपर्यंत तू बरा होशील असं वाटतंय का रे त्यांना?"