एस्कमचा उलटा दगड

आज सकाळी इथल्या, इंग्लंडमधल्या, मराठी मंडळींची सहल ठरत असताना मी एस्कमच्या जुन्या चर्चचे नाव सुचवले. लगेच उत्तर आले, "तिथे बघायचे काय? गोदामासारखी एक खोली, आणि तीही चोरीच्या दगडांची." ते वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाही, म्हणून लिहीत आहे.

डरहॅम परगण्यातल्या या खेड्यातले चर्च इ.स. ६७५च्या सुमारास बांधलेले आहे आणि तिथे आजही प्रार्थना होते. सहा वर्षांपूर्वी अप्पांना घेऊन गेलो होतो. त्यांचे सारे आयुष्य साताऱ्याकडे गवंडीकामात गेले. समोरच्या घराबाहेर खुंटीला टांगलेली मोठी किल्ली काढून आम्ही दार उघडले. ते वेदीकडे गेलेच नाहीत, भिंतीवरून हात फिरवत राहिले. काही दगडांवर टाकीचे तिरके, एकमेकांना छेदणारे घाव होते. ते पाहून म्हणाले, "हा दगड घडवणारा हात वेगळा आणि बसवणारा वेगळा." त्यांना रोमन कोण हे ठाऊक नव्हते, तरी बोलले ते खरे होते. हे दगड जवळच्या बिंचेस्टरच्या रोमन किल्ल्यातून आणलेले आहेत. उत्तरेच्या भिंतीत सहाव्या लीजनचे, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या तुकडीचे, नाव कोरलेला एक दगड चक्क उलटा बसवला आहे. अरुंद गाभारा आणि सभागृह यांच्यामधली उंच कमानही रोमन इमारतीतून उतरवून पुन्हा जोडली असावी, असे जाणकार मानतात.

याला चोरी म्हणायचे? चर्च बांधले तेव्हा रोमन सैन्य ब्रिटन सोडून अडीचशे वर्षे झाली होती आणि किल्ला ओस पडला होता. अप्पांचा निकाल साधा होता: "घडलेला दगड पडून असताना नवा घडवायला घेतो, तो मालकाचा पैसा उडवतो." बांधणाऱ्यांना गोदामच हवे असते, तर त्यांनी खिडक्यांना रंगीत काचा बसवल्या नसत्या, त्यांचे तुकडे उत्खननात सापडले आहेत. दक्षिणेच्या भिंतीवर सर्पाची नक्षी असलेली सूर्यघडीही कोरली नसती.

दक्षिणेची पडवी आणि काही मोठ्या खिडक्या नंतरच्या आहेत, आणि सगळे पाहून व्हायला अर्धा तासही लागत नाही, हे मान्य. पण खुद्द गावानेही १८६३ मध्ये नवे चर्च बांधून याला वाऱ्यावर सोडले होते. छप्पर गेले, आत पाऊस पडू लागला, तरी भिंती हलल्या नाहीत. १८७५ ते १८८० या काळात डागडुजी झाली. आणि ते नवे चर्च? ते पुढे पाडावे लागले. हे लिहिताना मला थोडे हसू येत आहे, ते क्षम्य असावे.

सकाळचा राग आता उरलेला नाही. ज्यांनी ते लिहिले, त्यांच्यासोबत अप्पा नव्हते, एवढेच. त्या दिवशी अप्पा त्या उलट्या दगडापाशी बराच वेळ उभे होते. त्यांना ती अक्षरे वाचता येत नव्हती, आणि बसवणाऱ्यालाही बहुधा आली नसावीत. "सांधा मात्र नीट बसवलाय," एवढे म्हणून त्यांनी माझ्या हातातली किल्ली घेतली आणि स्वतः जाऊन खुंटीला लावली.

शनिवारी मी जाणार आहे. गाडीत तीन जागा आहेत.